रिकामा चाप

१ फेब्रुवारी, रविवार

दादाने आज बाबांची रायफल पाडली. तो म्हणतो 'सटकली'. म्हणू दे. ही वही माझी आहे, इथे मी 'पाडली' असंच लिहिणार.

रायफल क्लबात माझ्या वीस गोळ्या मारून झाल्या होत्या. रायफल उघडून टेबलावर ठेवली आणि लक्ष्याचा कागद आणायला गेले. परत वळते तोवर दादाने ती उचललेली. "जरा बघू गं," म्हणाला, आणि दुसऱ्या क्षणी ती सिमेंटवर. चापाच्या मागे आपण मूठ धरतो ना, नेमका तिथेच लाकडी दस्ता उभा चिरलाय, बोटभर.

आणि दादा काय करतो? वाकून उचलत नाही. 'अरेरे, काय झालं हे' सुद्धा नाही. उजवा हात खिशात घालून उभा, जसं काही रस्त्यात दुसऱ्याचंच काही पडलंय! "सटकली," एवढंच. सगळ्या क्लबासमोर मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही. मला एका शब्दाचाही पश्चात्ताप नाही.

ती सटकलेली नाही. एकतीस वर्षं याच्या पोटात आहे की ही पॉइंट टू टू रायफल बाबांनी थोरल्याला न देता मला दिली, कारण माझा नेम चांगला. कधी बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

क्लबाचा नियम बाबांनीच केलेला, अजून फळ्यावर रंगवलेला आहे. ज्याच्या हातून दुसऱ्याची रायफल बिघडेल त्याने ती दुरुस्त होईपर्यंत आपली द्यायची. दुरुस्त होण्यासारखी नसेलच तर कायमची द्यायची. आमच्या क्लबात कुणी कुणावर कोर्टात गेलेलं नाही ते या दोन ओळींमुळे.

म्हणून काल संध्याकाळीच दादाची रायफल माझ्याकडे आली. ती तरी त्याने स्वतः आणून द्यावी की नाही? वहिनीला पाठवलं. बिचारी दोन्ही हातांनी कवटाळून जिना उतरली, तान्हं पोर आणल्यासारखी. तो वरच्या पायरीवर उभा. मी पण त्याच्याकडे बघितलं नाही.

वर ते दोघं, खाली मी. पुढच्या खोलीत माझं शिवणकाम, मागच्या खोलीत मी आणि लोखंडी कपाट. आता कपाटात दोन रायफली. बाबांच्या रायफलच्या दस्त्याला मी शिवणाची सुती पट्टी घट्ट गुंडाळून ठेवली आहे. बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडे मुद्दाम नेत नाहीये. जितके दिवस ही मोडकी, तितके दिवस त्याची माझ्याकडे. ८ मार्चला वार्षिक सामना आहे. बस म्हणावं हात चोळत.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

क्लबाचे सचिव दुकानात आले होते, पँटची उंची कमी करायला. यांना सगळे शिट्टी म्हणतात, कारण रेंजवर गोळीबार सुरू-बंद करायची शिट्टी यांच्या गळ्यात असते आणि लग्नाकार्यातही ती काढत नाहीत.

"बाई, ऐका माझं. नवीन घ्या," म्हणाले. "आता काय हलक्या हलक्या आल्यात. ती तुमच्या वडिलांची म्हणजे लोखंडी गेट आहे."

मी म्हटलं, "तुमची ही पँट कधीची?"

"होतील की बारा-तेरा वर्षं."

"मग नवीन का नाही घेत?"

मी तोंडात टाचण्या धरून हसले, जी गोष्ट करू नये असं मी सगळ्यांना सांगते.

पण खरं सांगायचं तर विचार आलाच. नवीन घेतली तर नेम सुधारेल, माझा खांदाही दुखणार नाही. मग बाबांची काय करायची? भिंतीवर टांगायची? आणि दादा सुटलाच की मग! सगळं नवं नवं, झालं गेलं विसरलं. अजिबात नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

वहिनी दादाचे सहा शर्ट घेऊन आली. म्हणे सगळी बटणं काढ आणि आतून वेल्क्रो लाव, नुसतं दाबलं की बसेल असं.

"का? साहेबांना बटणं लावायचा कंटाळा येतो?"

"तसंच समज," म्हणाली आणि गेली. नेहमीसारखी टेकली नाही, चहाला नको म्हणाली. नवऱ्याची बाजू घेणारच ती.

पन्नास वर्षं बटणं लावली आणि आता राजेशाही सुचते आहे. मी शर्ट गाठोड्यातच ठेवले. म्हणावं, रांग आहे. वरच्या शर्टाचं मधलं बटण मात्र एक तोडलं आणि मागच्या खोलीत भिंतीवर टाचणीने लावलं. पांढरं, चार भोकांचं. बाबांची रायफल खांद्याला लावली, नेम धरला, श्वास अर्धा सोडला आणि चाप ओढला. रिकामीच. टक्.

बाबा म्हणायचे, रिकामा चाप ओढायचा नाही, कधीच नाही. ठाऊक आहे. एकदा ओढून काय होतंय. पण बरं वाटलं.

११ फेब्रुवारी

टक् टक्. वीस वेळा. दुकान उघडायच्या आधी. मन हलकं झालं आणि दिवसभर कात्री सरळ चालली.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आज चाळीस. बटणाच्या चारही भोकांवर वेगवेगळा नेम धरते. वरचं डावं भोक : ३१ वर्षं न बोलल्याबद्दल. वरचं उजवं : रायफल न उचलल्याबद्दल. खालची दोन व्याजाची.

जिन्यात दादा भेटला. पायरीवर बसून चपलेचा पट्टा लावत होता, लावतोय लावतोय, संपेचना. मला जाऊ न देण्यासाठीच. मी ओलांडून जायला लागले तर वर न बघता म्हणाला, "टाचणी, तू रिकामा चाप तर ओढत नाहीस ना?"

लहानपणापासून मला टाचणीच म्हणतो. म्हणजे आता याला माझ्या खोलीत मी काय करते त्याचाही हिशेब हवा!

"ज्याने दस्ता फोडला त्याने चापाची काळजी करू नये," मी म्हटलं. असं सणसणीत बसलं ना! त्याने मान खाली घातली आणि परत पट्ट्याला लागला. संध्याकाळी साठ वेळा ओढला.

२२ फेब्रुवारी, रविवार

मला माहीतच होतं! नुसता दस्ता नाही, रायफल आतूनही गेली आहे.

तीन आठवड्यांनी आज पट्टी बांधूनच क्लबात नेली. दहा काडतुसांतली चार उडालीच नाहीत. दोन तर आत जाताना अडली, बोल्टला, म्हणजे काडतूस आत ढकलणाऱ्या दांड्याला, धक्के द्यावे लागले. जी उडाली त्यांच्या रिकाम्या पुंगळ्या बाहेर येईनात, शेवटी चिमट्याने ओढल्या. असं या रायफलचं आयुष्यात झालेलं नाही. शिट्टी शेजारी उभे राहून च् च् करत होते.

"पडल्यामुळेच," मी म्हटलं. "दुसरं काय?"

"असेल बुवा. पडल्यावर आतलं सरकलं असेल."

म्हणजे ही दुरुस्त होण्यासारखी नाही. म्हणजे फळ्यावरची दुसरी ओळ! त्याची रायफल कायमची माझी. घरी येताना मी चक्क गुणगुणत होते. नंतर बाबांची कपाटात ठेवताना हात लावला तर नळी नेहमीसारखीच गार लागली आणि एकदम रडू आलं. दहा मिनिटं. मग तोंड धुतलं आणि क्लबाच्या समितीला अर्ज लिहिला.

२३ फेब्रुवारी, सोमवार

मिस्त्रीकडे देऊन आले. यांच्या वडिलांनी बाबांची रायफल पहिल्यांदा साफ केली होती. दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा, एक भिंग आणि तेलाचा वास. मी सरळ सांगितलं, "दुरुस्त होत नाही असं लिहून द्या."

"बघितल्याशिवाय?" त्यांनी बोल्ट काढून बाजूला ठेवला. "घरी रिकामी ओढता का?"

"मी बाबांची मुलगी आहे," मी म्हटलं. यात काही खोटं नाही.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "सामन्यानंतर या. सामन्याआधी सगळ्यांनाच घाई असते."

२६ फेब्रुवारी, गुरुवार

समितीने दादाकडून लेखी मागितलं. पडल्यामुळेच रायफल बिघडली हे कबूल आहे का, एवढंच. टाईप केलेलं चालेल असं शिट्टी म्हणत होते. मीच म्हटलं, नाही, स्वतःच्या हाताने लिहायचं. अंगठा उमटवल्यासारखं जन्मभर लक्षात राहिलं पाहिजे.

आज कागद आला. त्याची नक्कल न करता तो मूळ कागदच मी शिट्टींकडून मागून घेतला आणि इथे चिकटवते आहे, कारण असा उद्धटपणा मी बघितला नाही. दादाचं अक्षर म्हणजे शाळेत फळ्यावर सुविचार लिहायला त्यालाच बोलवायचे. आणि हे बघा! तीन ओळी, त्या पण उतरत कोपऱ्यात गेलेल्या, अक्षरं बाराखडी शिकणाऱ्या पोरासारखी, 'रायफल' दोनदा खोडलेलं, कागद एके ठिकाणी फाटेपर्यंत पेन दाबलेलं. 'बिघाड माझ्या हातून झाला. बहिणीचा दोष नाही. माझी रायफल तिला देण्यास हरकत नाही.'

मुद्दाम. लिहायला लावता काय, घ्या मग! असा त्याचा भाव. बरं आहे. सही तर झाली.

बहिणीचा दोष नाही म्हणे. माझ्या दोषाचा प्रश्न आला कुठे यात?

४ मार्च

हातात बाबांची रायफल नाही म्हणून सकाळी करमत नाही. दादाच्या रायफलने टक् टक् करावं असं मनात आलं, केलं नाही. दुसऱ्याची आहे. म्हणजे, माझी होईपर्यंत.

वहिनीने शर्टांबद्दल विचारलं. मी म्हटलं, रांग आहे. ती म्हणाली, "एक तरी दे. रोज सकाळी..." आणि पुढे बोललीच नाही. माझ्याकडे लग्नसराईचे अकरा ब्लाउज आहेत हे तिला दिसत नाही का?

८ मार्च, रविवार

जिंकले!

दादाच्या रायफलने, दादाच्या नाकावर टिच्चून, सगळ्या क्लबासमोर. पालथं पडून मारायच्या चाळीस गोळ्यांत चारशेपैकी माझे तीनशे चौऱ्याऐंशी. शेवटची गोळी मारली तेव्हा मला समोर फक्त ते भिंतीवरचं बटण दिसत होतं.

तो आला होता. मागच्या बाकावर, वहिनीच्या शेजारी. शिट्टींनी नोंदी करायला बस म्हणून वही पुढे केली तर म्हणाला, "मी नुसतं बघतो." सामना सुरू व्हायच्या आधी जमिनीवरच्या चटईकडे असा टक लावून बघत होता की मला वाटलं, आता भांडणार. नाही भांडला. मला कप दिला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी, हा सोडून. दोन्ही हात खिशात! वहिनी एकटी वाजवत होती, आणि तिला डोळे पुसायचं काय काम होतं कोण जाणे.

इतका कोत्या मनाचा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. कप शिवणयंत्राच्या बाजूला ठेवला आहे, दुकानात येणाऱ्याला पहिला तोच दिसेल असा. जिन्यावरून उतरतानाही दिसेल.

१० मार्च

कपात टाचण्या ठेवते. काम चांगलं होतं. आनंद जितका व्हायला हवा तितका होत नाहीये. दमणूक असेल.

१२ मार्च, गुरुवार

मिस्त्रींकडे गेले. जसं झालं तसं लिहिते.

त्यांनी दिवा ओढला, भिंग माझ्या हातात दिलं आणि नळीचं मागचं तोंड दाखवलं, काडतूस बसतं ते. "काठ बघा. वरच्या अंगाला."

काठावर खाच होती. एक खोल, चपटी खाच, आणि तिथलं लोखंड आत भोकात दाबलं गेलेलं, जिभेसारखं.

"पडून झालं हे," मी म्हटलं.

"पडून नळीच्या आतल्या काठावर खाच पडत नाही, बाई." ते माझ्याशी हळू बोलायला लागले, तेव्हाच मला कळायला हवं होतं. "चाप ओढला की आतली पिन या काडतुसाच्या काठावर आपटते. काडतूस नसलं की ती नळीच्याच काठावर आपटते. जुन्या रायफलीत तिला अडवणारं काही नसतं. एकदा दोनदा काही होत नाही. ही पिन शेकडो वेळा आपटली आहे. म्हणून काडतूस अडतं, म्हणून पुंगळी निघत नाही, आणि पिनचं टोक चेपलं म्हणून बार उडत नाही."

माझ्या मनात वीस, चाळीस, साठ, साठ असं चाललं होतं.

"दस्ता पडून चिरलाय, ते खरं," ते म्हणाले. "पण ते नुसतं लाकूड. दोन दिवसांचं काम."

मग त्यांनी विचारलं, काय करायचं? नळी बदलायची, की एक बारीक घोटणी असते तिने दाबलेलं लोखंड मागे सारून काठ जमेल तितका सरळ करायचा, पिन नवी बसवायची? की ही राहू दे आणि नवीच रायफल घेता? मी म्हटलं, उद्या सांगते.

ज्याच्या हातून बिघडेल त्याने. बाबांनी रंगवलेली ओळ घरी येईपर्यंत डोळ्यांपुढे होती. ज्याच्या हातून म्हणजे माझ्याच हातून. आणि 'बहिणीचा दोष नाही' हे त्याने लिहिलं, तेव्हा त्याला कुणी विचारलं होतं?

त्याला माहीत होतं. त्याने जिन्यात मला विचारलं होतं.

१३ मार्च, शुक्रवार

सकाळी दादाची रायफल घेऊन वर गेले. एकतीस वर्षांत इतका अवघड जिना मी चढले नाही. दादा खिडकीपाशी बसला होता आणि वहिनी त्याच्या शर्टाची बटणं लावत होती. त्याच्या, या एवढ्या मोठ्या माणसाच्या. मी दारात उभी राहिले. चांगले सहा माझ्या गाठोड्यात, म्हणून हा जुना; तिसरं बटण गेलेलं, तिथे तिने सेफ्टी पिन लावली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाणखान्यात येऊन बस आधी," वहिनी म्हणाली. दादाने मान हलवली आणि सांगून टाकलं. वर्ष झालं. उजवा हात आधी, आता डावाही. बोटांतली ताकद जाते आहे आणि ती परत येत नाही. डॉक्टर म्हणाले होते, मार्चपर्यंत चाप ओढता येईल बहुतेक, पुढचं सांगता येत नाही. पालथं पडून मारताना रायफलचं वजन पट्टा आणि कोपर घेतात, बोट तेवढं वळलं पाहिजे. "म्हटलं, हा एक सामना मारावा आणि मग तुला सांगावं. आधी सांगितलं असतं तर तू हळहळत बसली असतीस, नेम चुकला असता तुझा."

"आणि ती सटकली तेव्हा?"

"सटकलीच होती गं."

मी रायफल त्याच्या मांडीवर ठेवली. म्हटलं, "आत्ता चल. रेंज रिकामी असेल. मी भरते, मी बोल्ट ओढते, तू फक्त चाप ओढ." त्याने तर्जनी चापावर ठेवली. ठेवली म्हणजे डाव्या हाताने उचलून ठेवली. बोट वळलं नाही. आम्ही तिघंही त्या बोटाकडे बघत होतो. तीन आठवड्यांपूर्वी वळत होतं, असं वहिनी म्हणाली. आरोप म्हणून नाही म्हणाली. आरोप म्हणून म्हणाली असती तर मला उत्तर तरी देता आलं असतं.

मी त्याला ओरडले. हो, ओरडले! "तुला टक् टक् ऐकू येत होतं, तर येऊन माझं बखोट का नाही धरलंस? समितीला का नाही सांगितलंस?"

तो हसला. वहिनी म्हणाली, "रोज मोजायचे. सकाळी चहा हातात, म्हणजे माझ्या हातात, आणि कान खाली जमिनीकडे. आज चाळीस. आज साठ, आज फारच चिडली आहे. म्हणायचे, पाच-दहावर आली की खाली जाऊन बोलतो."

पाच-दहावर मी आलेच नाही. रायफल मिस्त्रीकडे गेली तेव्हा कुठे थांबले.

निघताना दादा म्हणाला, "बाबांची काय करते आहेस?"

"तू सांग."

"नळी नवी नको. नेम त्या नळीचा आहे. काठ सरळ करून घे." मग म्हणाला, "आणि टाचणी, सामन्यात शेवटच्या दहा काय मारल्यास गं! मला टाळी वाजवता आली नाही."

१५ मार्च, रविवार

मिस्त्रींना सांगितलं, नळी तीच, काठ सरळ करा, पिन नवी. दस्ता चिकटवा. चीर दिसेल म्हणाले. दिसू दे.

समितीला लिहिलं. स्वतःच्या हाताने. बिघाड माझ्या हातून झाला, भावाचा दोष नाही, कप परत करते आहे. टाचण्या काढून, पुसून शिट्टींकडे दिला. त्यांनी वाचलं आणि गळ्यातली शिट्टी चाचपत बसले. दादाची रायफल वर त्याच्या खोलीत आहे. मी रोज जाऊन तेल लावणार आहे. मला नको म्हणायची त्याची हिंमत नाही.

स्वतःवर राग येतो तेव्हा नेम कशावर धरायचा असतो, हे बाबांनी शिकवलं नाही.

दुपारपासून शर्टांना बसले. काजं होती ती बंद केली आणि बटणं त्यांच्यावर वरून शिवली, नुसती दिसायला. आतून वेल्क्रो. मनगटांनाही तसंच. तळव्याने दाबलं की बसतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला नेहमीचा शर्ट दिसतो. पाच झाले. सहाव्याला मधलं बटण कमी पडलं. डब्यात तसलीच पांढरी पंधरा होती. तरी उठून मागच्या खोलीत गेले, भिंतीवरची टाचणी उपसली आणि तेच लावलं, चारही भोकांतून दोन-दोनदा दोरा घालून.